देशी लोकर की मेरिनो? नागपुरात कातायला बसण्याआधी

मी लोकर कातते म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला: "इथे? ४५ डिग्रीत?" माझं उत्तरही ठरलेलं. मफलर डिसेंबरात लागतो, पण त्याचा धागा उन्हाळ्यातच कातून झालेला बरा. शिवाय मे महिन्यात धुतलेली लोकर आमच्या गच्चीवर दोन तासांत कडकडीत वाळते. ते सुख सिमल्याला कुठे?

तेव्हा ऋतूचं सोडा. खरी अडचण आहे पहिले पैसे कुठे घालायचे याची. एकीकडे मेंढीच्या अंगावरून उतरवलेली देशी लोकर, दुसरीकडे घरपोच येणारी पांढरीशुभ्र, विंचरलेली मेरिनो, म्हणजे त्याच नावाच्या मेंढीची मऊ, बारीक लोकर. मी दोन्ही घेतल्या, आणि घेताना क्रम चुकला. आधी मेरिनो घेतली.

मेरिनो हातात घेतली की कुणीही भुलेल. साधारण १७ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा तंतू, कापसाच्या पेळूसारखी लांबलचक दोरी, कचरा नाही, वास नाही. माणसाच्या त्वचेला टोचायला लागतो तो ३० मायक्रॉनच्या पुढचा तंतू, म्हणून मेरिनो गळ्याशी खुपत नाही. पण हेच तंतू शिकणाऱ्याच्या बोटांतून सुळकन निसटतात. पहिल्या संध्याकाळी माझी टकळी, म्हणजे धाग्याला लटकवून फिरवायची हातचाती, इतक्या वेळा फरशीवर आपटली की खालच्या काकू वर विचारायला आल्या. त्यात आपली कोरडी हवा. एप्रिलमध्ये मेरिनो अंगाला, परकराला, पडद्याला चिकटते आणि तंतू ताठ उभे राहतात. त्यावर माझा उपाय म्हणजे कूलरच्या वाऱ्यात, पण जरा बाजूला बसायचं. दमट हवेत तंतू शांत होतात.

देशी लोकरीचं गणित उलटं. मिळवायला सोपी, वापरायला कष्टाची. विदर्भात कच्छी रबारी मेंढ्यांचे कळप घेऊन फिरतात. पीक निघालं की शेतकरी खतासाठी त्यांच्या मेंढ्या शेतात बसवतात. वर्धा रोडने किंवा उमरेडकडे जाताना उंटांवर लादलेला संसार दिसला की समजायचं, तळ जवळ आहे. त्यांच्या मेंढ्यांची लोकर बहुतेक पांढरट असते. तिला हल्ली फारसा भाव नाही, त्यामुळे शंभर ग्रॅम मेरिनोच्या पैशात मला अख्खं पोतं मिळालं. काळी-करडी हवी असेल तर चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कुरमार मेंढपाळांकडे विचारा. घोंगड्या विणणारी ही मंडळी लोकर चांगली पारखतात. कातरणी कधी आहे ते आधी विचारून जा, नाहीतर रिकाम्या हाताने परत याल.

मात्र पोतं घरी आलं की खरी परीक्षा सुरू होते. जुनी चादर अंथरून मी एक किलो लोकर निवडायला बसले, तर गोखरू, लेंड्या, वाळलं गवत आणि कुठल्याशा वेलीच्या बिया निघाल्या. निवडून धुऊन उरली जेमतेम साडेसहाशे ग्रॅम. धुणंही जपून करावं लागतं. मोठ्या गंजात (पातेल्यात) हाताला सोसवणार नाही इतकं गरम पाणी, त्यात रिठा, आणि लोकर नुसती बुडवून ठेवायची. ढवळायची नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळली किंवा गरमातून थेट नळाखाली धरली की ते एकमेकांत अडकतात आणि हाती नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला लोकरीचा थर, येतो. माझा पहिला घाणा तसाच गेला. आता तो कुंडीखाली अंथरलाय.

पिंजायला वेगळं यंत्र नको, कुत्र्याचे केस विंचरायचे दोन सपाट ब्रश पुरतात. दोघांमध्ये लोकर ओढून घ्यायची, गुंडाळून पेळू करायचे. आणि इथे देशी लोकर मेरिनोवर मात करते. तिचा जाडसर तंतू शेजारच्याला धरून ठेवतो, पीळ सैल पडला तरी धागा तुटत नाही. मला एकसारखा धागा पहिल्यांदा जमला तो या टोचऱ्या लोकरीवरच. त्याचा मफलर मात्र कुणी घालणार नाही. आसन करा, पिशवी करा, पायपुसणं करा.

माझं मत विचाराल तर पहिले तीन महिने देशी. फ्लॅटमध्ये राहत असाल, धुवायला जागा नसेल किंवा घरच्यांना मेंढीचा वास सोसत नसेल, तर तयार लोकरच घ्या, पण मेरिनो नव्हे, कॉरिडेल जातीच्या मेंढीची मागा. तिचा तंतू मेरिनोहून जाड असतो आणि शिकणाऱ्याला सांभाळून घेतो.

रंगाचं म्हणाल तर गडद लोकरीवर रंग उमटत नाही. रंगवायची तर पांढरटच घ्या. मग पळस की बाजारचा रंग? होळीच्या आसपास रामटेक रोडला पळस पेटलेला असतो. खाली पडलेली फुलं वेचून सावलीत वाळवते. शंभर ग्रॅम लोकरीला १२ ग्रॅम तुरटी, लोकरीच्या वजनाइतकीच सुकी फुलं, तासभर मंद आच, मग रात्रभर गंजातच मुरू द्यायचं. पिकल्या लिंबोळीसारखा पिवळा येतो. धुण्याचा सोडा चिमूटभर टाकला की केशरीकडे झुकतो, पण सोडा लोकरीचा वैरी, हात आखडूनच टाका. उन्हात हा रंग उडतो, हे धरूनच चला.

बाजारचा आम्लरंग टिकतो. शंभर ग्रॅमला एक ग्रॅम रंग, थोडं व्हिनेगर, पाणी उकळीच्या खाली. अर्ध्या-पाऊण तासात सगळा रंग लोकर पिते आणि गंजातलं पाणी नितळ होतं, ते बघायला मी अजूनही झाकण उघडते. इतवारी बाजारात रंग घेताना "लोकरीचा, रेशमाचा" असं निक्षून सांगा. एका दुकानात मी नुसता "कपड्याचा लाल" मागितला. तो सुताचा निघाला आणि चार पाण्यांनंतरही लोकर गुलाबी आसवं गाळत होती. रंगाचा गंज स्वयंपाकात पुन्हा आणू नका, हे सांगायला नको.

साधनाबद्दल थोडक्यात. सेवाग्राम ७५ किलोमीटरवर, म्हणून इथे सगळे पेटीचरखाच सुचवतात. तो बेतलेला आहे कापसासाठी, त्यावर पीळ फार भराभर चढतो आणि लोकरीची तार होते. हात बसला की त्यावर बारीक मेरिनो जमेल, तोवर नको. सुताची पितळी टकळीही लोकरीला हलकी पडते. लाकडाची कातकामं करणाऱ्या कातारीकडून तीस-चाळीस ग्रॅमची लाकडी टकळी करून घ्या आणि खाली जुनी गोधडी अंथरा. आमच्या खालच्या काकूंनी तेवढीच अट घातली आहे.