आगीच्या पट्ट्यातलं डोंगरातलं घर विकायचंय: आहे तसं, थोडं करून, की सगळं नवं करून?

कॅलिफोर्नियातल्या बे एरियात नोकरी आणि सिएराच्या उतारावर ग्रास व्हॅली, नेवाडा सिटी नाहीतर प्लॅसरव्हिलकडे वीकेंडचं घर असलेले आपले काही लोक मला माहितीयेत, आम्हीही त्यातलेच होतो. मुलं कॉलेजला गेली, जाणं कमी झालं आणि गेल्या वर्षी घर विकलं. तेव्हापासून ओळखीतल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय की ताई विकायच्या आधी किती खर्च करायचा? प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

तीन रस्ते आहेत. एक म्हणजे आहे तसं विकायचं. दुसरा, आगीच्या दृष्टीने जी छोटी पण महत्त्वाची कामं आहेत तेवढी करून विकायचं. तिसरा, रूफ, साइडिंग (भिंतीबाहेरचं आवरण), खिडक्या, डेक सगळं नवं करून विकायचं. आणि एक चौथा रस्ता एजंट लोक हळूच सुचवतात, किचनचे काउंटर बदला, भिंती पांढऱ्या करा, स्टेजिंग म्हणजे दाखवण्यापुरती सजावट करा. आम्ही आधी तोच धरला होता, किचनवर पैसे घातले, फोटो सुंदर आले, ऑफरही आली आणि एस्क्रोमध्ये, म्हणजे ऑफर घेतल्यानंतर व्यवहार पुरा होईपर्यंतच्या टप्प्यात, सगळं अडकलं कारण घेणाऱ्याला इन्शुरन्सचा परवडेल असा क्वोटच मिळेना. लोन असेल तर पॉलिसीशिवाय बँक क्लोजिंग, म्हणजे व्यवहार पूर्ण, करू देत नाही, म्हणजे तिथेच गाडी थांबली. तो माणूस भला होता, दोन आठवडे फोन करत होता सगळीकडे, शेवटी गेला.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आता ह्या पट्ट्यात घराची किंमत किचनवर कमी आणि त्या घराला विमा मिळतो का ह्यावर जास्त ठरते. मे 2023 मध्ये स्टेट फार्म ह्या विमा कंपनीने कॅलिफोर्नियात घरांच्या नवीन पॉलिसी घेणं थांबवलं, इतर कंपन्यांनीही हात आखडले, आणि बरेच लोक फेअर प्लॅनवर गेले. फेअर प्लॅन म्हणजे ज्याला कुठेच मिळत नाही त्याच्यासाठीचा शेवटचा आधार, पण त्यात मुख्यतः आग कव्हर होते, चोरी, पाइप फुटणं, कोणी घरात पडलं तर ती जबाबदारी हे सगळं नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी जोडावी लागते. म्हणजे घेणाऱ्याला दोन दोन प्रीमियम. तो हा खर्च महिन्याच्या हप्त्यात धरतो आणि तेवढी ऑफर खाली येते.

आता आहे तसं विकण्याचं बघू. बऱ्याच जणांना वाटतं की 'ॲज इज' लिहिलं म्हणजे सुटलो. तसं नाहीये. कॅलिफोर्नियात ॲज इज विकलं तरी जे माहितीये ते सांगावंच लागतं. 2019 च्या एबी 38 कायद्याप्रमाणे घर हाय किंवा व्हेरी हाय फायर झोनमध्ये असेल आणि 2010 च्या आधी बांधलेलं असेल तर घेणाऱ्याला एक डिस्क्लोजर द्यावं लागतं, आणि त्यात सहा गोष्टींपैकी कुठल्या तुम्हाला माहिती आहेत ते लिहायचं असतं. ठिणग्या आत जाऊ देणारे व्हेंट (छपराखालचे हवेचे झरोके), प्रक्रिया न केलेल्या लाकडी शेकचं (फळकुटांचं) छप्पर, घरापासून पाच फुटांत आणि डेकखाली जळण्यासारखी झाडंझुडपं, एका काचेच्या किंवा टेम्पर्ड नसलेल्या खिडक्या, कौलांच्या टोकाची फट बुजवणारे बर्ड स्टॉप सुटलेले किंवा नसलेले, आणि धातूचं झाकण नसलेली गटरं. ही यादी घेणाऱ्याच्या हातात गेली की तीच त्याची भाव पाडायची यादी होते. जुलै 2025 पासून तर स्वस्तात होणाऱ्या सुधारणांची यादी द्यायची आणि त्यातल्या आपण कुठल्या केल्या तेही सांगायचं असं आलंय. त्याशिवाय जुलै 2021 पासून घराभोवतीच्या मोकळ्या जागेचा, म्हणजे डिफेन्सिबल स्पेसचा कागद लागतो. तो सहा महिन्यांच्या आतला असेल तर तुम्ही देता, आणि नसेल आणि तुमच्या काउंटीचा वेगळा नियम नसेल तर घेणारा लिहून देतो की क्लोजिंगनंतर वर्षभरात मी करून घेईन. हे कायद्याने चालतं पण घेणारा ते काम फुकट डोक्यावर घेत नाही, त्याचे पैसे तो आधीच कापतो.

तरी आहे तसं विकणं बरोबर असतं अशी माणसं आहेत. तुम्ही पुण्याला परत गेलायत, इथे कोणी नाही, वर्षातून एकदा येता, तर दुरून कंत्राटदार सांभाळणं फार जड जातं, भाव थोडा सोडा आणि रोख देणारा गिऱ्हाईक बघा. किंवा घर इतकं जुनं आहे की घेणारा ते पाडणारच आहे, मग व्हेंट बदलून काय करणार.

दुसरा रस्ता मला सगळ्यात पटतो, आणि तो मी जरा सविस्तर सांगते कारण लोक इथेच घाई करतात.

लोकांना वाटतं आग भिंतीसारखी चालत येते आणि घर गिळते. कॅलिफोर्नियातल्याच पॅराडाइज गावाला 2018 च्या 8 नोव्हेंबरला 'कॅम्प फायर' नावाचा वणवा आला, 85 माणसं गेली, 18 हजारांच्या वर इमारती जळल्या, आणि तिथले फोटो बघा, घराची राख झालीये आणि शेजारचं पाइनचं झाड हिरवं उभं आहे. कारण बहुतेक घरं पेटतात ती वाऱ्यावर पुढे उडून आलेल्या ठिणग्यांनी नाहीतर शेजारचं घर पेटल्यामुळे. ठिणगी गटरात बसते, डेकखाली बसते, व्हेंटमधून माळ्यावर जाते. आमच्या घराचे व्हेंट 1984 चे, जाळी पाव इंचाची. माझ्या यजमानांनी शिडीवर चढून मला दाखवलं, त्या जाळीतून तुरीचा दाणा आरामात आत जातो, आणि आता जी जाळी सांगतात ती इंचाच्या आठव्या भागाची, तिच्यात मूगही अडकेल. एवढाच फरक, पण माळ्यावर चाळीस वर्षांची धूळ आणि कोरडं लाकूड असताना तो फरक घराचा असतो. मग आम्ही जाळी नुसती बदलण्याऐवजी ठिणगी अडवणारे तयार व्हेंटच बसवले.

गटरात हात घातला तेव्हा तर मला कसंतरीच झालं. वरची पाइनची पानं ओली, काळी, आणि खाली बोटभर जाड थर अगदी कोरडा, मुठीत धरला की चुरा. दर दिवाळीच्या सुमारास साफ करायचो म्हणून मी निर्धास्त होते, पण पाँडरोसा पाइन वर्षभर पानं टाकतो.

मग पहिले पाच फूट. भिंतीला लागून काहीही जळण्यासारखं नको, झुडूप नको, झाडाच्या सालीचे तुकडे म्हणजे बार्क मल्च नको, पायपुसणं आणि झाडूसुद्धा आगीच्या दिवसांत आत. आम्ही मल्च काढून खडी टाकली, लाकडी कुंपणाचा भिंतीला चिकटलेला शेवटचा तुकडा काढून लोखंडी गेट लावलं. ह्या पाच फुटांचा कायदा 2020 मध्ये झाला, नियम 2023 पर्यंत यायचे होते, ते लांबले, 2025 च्या फेब्रुवारीत गव्हर्नर न्यूसम यांनी घाई करायचा आदेश काढला. म्हणजे घेणाऱ्याला हे आज ना उद्या करावं लागेलच आणि हुशार एजंट त्याला ते सांगतोच.

पाच ते तीस फुटांत आणि पुढे शंभर फुटांपर्यंत मात्र सगळं भुंडं करू नका, हे मी हात जोडून सांगते. आमच्या खालच्या वळणावरच्या एका घराने विकायच्या आधी उतार पूर्ण साफ केला, पुढच्या पावसाळ्यात माती रस्त्यावर आली, आणि घर बघायला येणारे तर झाडांसाठीच येतात ना. करायचं ते एवढंच, खालच्या फांद्या जमिनीपासून सहा फूट कापा, मोठ्या झाडाखालची मँझनिटा आणि स्कॉच ब्रूम काढा म्हणजे आगीला चढायला शिडी मिळत नाही, धुराड्यापासून फांद्या दहा फूट लांब, वाळलेलं गवत चार इंच, लाकडाची रास घरापासून तीस फूट. नेवाडा काउंटीत फायर सेफ काउन्सिलचा चिपिंगचा कार्यक्रम आहे, फांद्यांचे ढीग रस्त्याकडेला लावायचे आणि ते येऊन बारीक करून देतात. आमचा सगळा ढीग असाच गेला.

खर्चाचं म्हणाल तर हेडवॉटर्स इकॉनॉमिक्स ह्या संशोधन संस्थेच्या 2024 च्या अहवालात सगळ्यात उपयोगी छोट्या सुधारणांसाठी 2 हजार ते 15 हजार डॉलर धरलेत आणि सगळं उत्तम प्रतीचं नवं करायचं तर 1 लाखाच्या वर. ह्या दोन आकड्यांमधलं अंतरच तिसऱ्या रस्त्याचं उत्तर देतं.

सगळं नवं करणं विकण्यासाठी म्हणून मला पटत नाही, एक अपवाद सोडून. छप्पर लाकडी शेकचं असेल तर बाकी काही करू नका, आधी क्लास ए, म्हणजे आगीला सगळ्यात जास्त टिकणारं, रूफ घाला, कारण तसल्या छपराला बऱ्याच विमा कंपन्या दारातूनच नाही म्हणतात. डांबरी शिंगलचं छप्पर चांगल्या स्थितीत असेल तर ते बहुधा क्लास एच असतं, ते तसंच ठेवा आणि कागद शोधा. फायबर सिमेंटचं साइडिंग, टेम्पर्ड डबल काचेच्या खिडक्या हे राहायला उत्तम, पुढची वीस वर्षं राहणार असाल तर जरूर करा. पण विकताना तो पैसा पूर्ण परत येईल असं मला वाटत नाही. एक मात्र, वीकेंडचं घर मुख्य घर नसल्यामुळे अडीच लाख डॉलरपर्यंतच्या (नवराबायको मिळून पाच लाखांपर्यंतच्या) नफ्यावरची करसूट मिळत नाही, आणि नवीन रूफचा खर्च घराच्या मूळ किमतीत धरता येतो म्हणजे करपात्र नफा कमी होतो, झुडपं काढल्याचा सहसा नाही, त्यामुळे पावत्या वेगळ्या ठेवा आणि सीपीएला (कर सल्लागाराला) आधी विचारा, नंतर नाही.

काही लोक वाइल्डफायर प्रिपेर्ड होम हे आयबीएचएस ह्या विमा उद्योगाच्या संशोधन संस्थेचं प्रमाणपत्र घेतात. तीन वर्षांचं असतं, आणि 2022 च्या राज्याच्या नियमांमुळे अशा कामांसाठी विमा कंपन्यांना प्रीमियममध्ये सूट द्यावी लागते. सूट मोठी असेलच असं नाही आणि प्रमाणपत्र आहे म्हणून पॉलिसी मिळेलच असंही नाही, पण दुसऱ्या रस्त्याची कामं केलीच असतील आणि छप्पर बरं असेल तर अर्ज करण्यासारखा आहे.

वेळेबद्दल. हिवाळ्याच्या शेवटी कामं, एप्रिलमध्ये कॅल फायर ह्या राज्याच्या अग्निशमन खात्याचं डिफेन्सिबल स्पेसचं इन्स्पेक्शन मागवायचं, मेमध्ये लिस्टिंग, असं जमवा. गवत जूनपर्यंत पिवळं पडतं आणि मग यंत्र चालवायचं तर सकाळी दहाच्या आत. ऑगस्ट सप्टेंबरमध्ये विकायला काढलं आणि वीस मैलांवर आग लागली तर कंपन्या त्या भागात नव्या पॉलिसी देणं तात्पुरतं थांबवतात, आणि तुमचं क्लोजिंग त्याच आठवड्यात असेल तर ते पुढे जातं, मग घेणाऱ्याचा रेट लॉक, म्हणजे ठरवून ठेवलेल्या व्याजदराची मुदत, संपतो, मग चिडचिड. शरद ऋतूत फोटो फार छान येतात हे खरं, तरी मी वसंतच घेईन.

आम्ही दुसऱ्यांदा मेमध्ये काढलं. लिस्टिंगमध्ये किचनच्या फोटोंच्या आधी व्हेंटचा, खडीच्या पट्ट्याचा आणि इन्स्पेक्शनच्या कागदाचा फोटो टाकायला मी एजंटला लावलं, त्याला ते आवडलं नव्हतं. ज्यांनी घर घेतलं त्या बाई पहिल्या भेटीत फाइल घेऊन डेकवर बसल्या, पावत्या एकेक करून बघितल्या, आणि त्यांच्या विमा एजंटने दुसऱ्याच दिवशी आमच्याकडून व्हेंटची पावती मागवून घेतली.