जुन्या पत्रांसाठी तयार पेटीसंच : फोल्डर घ्या, पेटी पारखा, पाकिटांना भुलू नका

कौटुंबिक पत्रव्यवहार जपण्यासाठी ग्रंथालयांना जो तयार संच विकला जातो, त्यात तीन वस्तू असतात : झाकणाची पुठ्ठ्याची पेटी, कागदी फोल्डर आणि पारदर्शक पाकिटं. सोलापूरच्या हवेत यातले फोल्डर पैसे वसूल करतात. बाकीच्यांचं तसं नाही.

गिऱ्हाईक भुलतं ते पाकिटांना. त्यांचं पॉलिएस्टर तसं निर्धोक आहे. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा ठणठणीत कोरडी होते. पत्र आत-बाहेर सरकवलं की पाकिटावर स्थिर वीज तयार होते, ती धूळ ओढते आणि शिसपेन्सिलीचं अक्षरही उचलते. त्यात १९१०-२०चा कागद आम्लधर्मी असला, तर चारही बाजूंनी बंद पाकिटात तो उलट लवकर तडकतो. म्हणून पाकीट दोन बाजूंनी उघडं असावं आणि ते फाटक्या किंवा वरचेवर दाखवाव्या लागणाऱ्या पत्रापुरतंच वापरावं. पॉलिएस्टरच्या नावाखाली पीव्हीसी हे कागदाला घातक प्लॅस्टिक गळ्यात पडू शकतं. उघड्यावर, पत्रांपासून लांब तांब्याची तार लालबुंद तापवा, पाकिटाला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर माल परत करा. (झेरॉक्सच्या दुकानातल्या लॅमिनेशनचं तर नावच नको. ते पुन्हा निघत नाही.)

पेटीला वरून आम्लचाचणीच्या पेनची रेघ मारली की जांभळी उमटते, म्हणजे ठीक. पण तीच रेघ पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेवर मारून बघा. तिथे पिवळी राहिली, तर चांगला कागद फक्त वरून चिकटवलाय आणि आत साधा, आम्लधर्मी पुठ्ठा आहे. हे पेन पत्रावर मात्र चालवायचं नाही. पेटी अर्धवट भरली की पत्रं वाकून बसतात, ठासली की कडा फाटतात; उरलेल्या जागेत फोल्डरच्याच कागदाची घडी सारावी.

फोल्डरचा कागद जाड असतो आणि त्यात कॅल्शियम कार्बोनेट असल्याने कागदातून निघणारं आम्ल तो शोषतो. एकात ५-६ पत्रं पुरेत. बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेली मोडी पत्रं आजही काळीभोर दिसतात. त्रास देते ती लोहयुक्त शाई : अक्षरं तपकिरी होऊन मागच्या बाजूला उमटतात, पुढे कागदच खातात. असं प्रत्येक पत्र आणि शेजारचं पत्र यांच्यामध्ये एक कोरा आम्लमुक्त कागद घालावा, नाहीतर शेजारच्या पत्रालाही डाग लागतो. लिफाफा टाकू नये. पत्रात बऱ्याचदा नुसती मिती असते, साल कळतं ते लिफाफ्यावरच्या 'शोलापूर' छापाच्या टपाली शिक्क्यावरून. लिफाफा पत्राच्या मागेच, पण वेगळा ठेवून दोन्हीवर मऊ पेन्सिलीने एकच क्रमांक घालावा. गंजलेली टाचणी ओढून काढू नये; खाली पॉलिएस्टरचा तुकडा सारून अलगद सोडवावी.

संचात नसलेली पण हवीच अशी वस्तू गावातच मिळते : बिनरंगी मांजरपाट. पेटी त्यात गुंडाळली की धूळ अडते. दप्तरखान्यांत रुमाल बांधतात ते याचसाठी. मात्र कापड गरम पाण्यात दोन-तीनदा धुऊन खळ पूर्ण काढायला हवी, कारण कसर खळीवरच येते. डांबरगोळ्या नकोत. कपाट भिंतीपासून आणि फरशीपासून वीतभर दूर असावं.

सोबतच्या माहितीपत्रकात घडी उघडण्याबद्दल एक ओळही नाही, ही सगळ्यात मोठी उणीव. मे महिन्यात घडी उघडली की पत्र घडीवरच तुटतं. झाकणाच्या ट्रेमध्ये तळाला ओला टीपकागद, त्यावर उंच जाळी, जाळीवर पत्र, असं दोन-तीन तास ठेवावं. मग उलगडून कोरड्या टीपकागदांत हलक्या वजनाखाली रात्रभर राहू द्यावं. लोहयुक्त शाई किंवा ओलाव्याने जांभळी होणारी कॉपिंग पेन्सिल असेल, तर हा प्रयोग करू नये. ते पत्र घडीसकट फोल्डरात जावं.