टिरो की मुक्ता? मराठी मजकुरासाठी फॉन्ट निवडताना

‘टिरो देवनागरी मराठी’ हा माझा सगळ्यात लाडका फॉन्ट. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते लक्षात राहील. तरीही सल्ला विचारणाऱ्या बहुतेकांना मी ‘मुक्ता’च सुचवते. दोन्ही फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली मोफत मिळतात, व्यावसायिक कामालाही चालतात. त्यामुळे खर्चाचा प्रश्न मिटला. उरतो तो कामाचा.

टिरोची अक्षरं मुळात मूर्ती क्लासिकल लायब्ररी ऑफ इंडिया या ग्रंथमालेसाठी घडवली गेली, आणि ते पानभर मजकूर लावला की लगेच कळतं. बोरूने लिहिताना येतो तसा जाड-बारीकपणा त्यात आहे, पण कुठेही दिखावा नाही. ‘मूर्तींच्या’ हा शब्द त्यात लावून मोठा करून बघा. खाली दीर्घ उकार, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, शेवटी अर्धा च. एवढी गर्दी असूनही प्रत्येक खूण आपापल्या जागी सुटी दिसते. शिवाय हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी टिरोचे तीन वेगवेगळे फॉन्ट आहेत. मराठीच्या फॉन्टमध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श, म्हणजे या अक्षरांची हिंदीहून वेगळी मराठी वळणं, काहीही खटपट न करता मिळतात. राज्य शासनाच्या 2009 च्या वर्णमालेतही हीच वळणं आहेत. कथा, दीर्घ लेख, कवितासंग्रह असं काही हातात असेल, तर मी दुसरीकडे बघतसुद्धा नाही.

आता अडचण. टिरोला एकच वजन, म्हणजे रेषांची एकच जाडी आहे, ठळक नाहीच. वेबसाइटवर शीर्षकाला ‘बोल्ड’ लावलंत की ब्राउझर अक्षरं स्वतःच फुगवतो. मग ष, घ, क्ष यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा बुजतात आणि इतका देखणा फॉन्ट चिखलात पडल्यासारखा दिसतो. मला ते बघवत नाही. टिरो वापरणार असाल तर शीर्षकांचं वजन साधंच ठेवा आणि फरक आकाराने दाखवा. बारीक अक्षरांत, म्हणजे तळटीपा, फॉर्म, मोबाइलवरची बटणं, तिथे त्याच्या नाजूक रेषा विरतात.

नेमक्या तिथेच मुक्ता उभा राहतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने तो केला आहे. वजनं सात, अगदी हलक्यापासून भक्कम ठळकपर्यंत. रेषेची जाडी जवळपास सारखी, अक्षरांची पोटं मोकळी, त्यामुळे लहान आकारातही घ आणि ध यांची गल्लत होत नाही. सोबतची रोमन अक्षरंही त्याच स्वभावाची आहेत. मराठी मजकुरात मध्येच एखादा ईमेल पत्ता आला तरी तो उपरा वाटत नाही. तक्ते, सूचनाफलक, सरकारी अर्ज, ॲप यांसाठी डोळे झाकून घ्यावा असा हा फॉन्ट आहे. पण त्यात कादंबरी लावू नका. शंभर पानं सलग वाचताना तो सपाट वाटू लागतो.

नोटो सान्स देवनागरी कधी? एकाच कामात अनेक लिप्या एकसारख्या दिसायला हव्या असतील तेव्हा. पॉपिन्स चार शब्दांच्या शीर्षकाला छान, परिच्छेदाला नको.

टिरो मराठी सोडून दुसरा कुठलाही फॉन्ट घेतलात, तर मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवायला विसरू नका, वेब पानावरही आणि मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्येही. फॉन्टमध्ये मराठी वळणाच्या ल-श ची सोय असली, तरी ही नोंद नसेल तर हिंदी वळणं येऊ शकतात. निवड पक्की करण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘ॲप’, ‘मूर्तींच्या’, ‘शिल्लक’ हे शब्द प्रत्यक्ष वापरायच्या आकारात लावून पाहा, कागदासाठी असेल तर छापून पाहा. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणात, 2008 साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसू शकतो.

दोन फॉन्ट घ्यायची मुभा असेल, तर मजकूर टिरोत आणि शीर्षकं मुक्ताच्या ठळक वजनात लावा. माझ्या हातून होणारी बहुतेक पुस्तकं अशीच लागतात.