सिंगापुरात वर्षभर चालवलेला 12 लीटरचा डीह्युमिडिफायर: निघता निघता रिव्ह्यू

मास्टर्स संपलं, पुढच्या आठवड्यात सिंगापूर सुटतंय. क्लेमेंटीची रूम रिकामी करायची म्हणून एकेक वस्तू विकायला काढली. राइस कुकर गेला, टेबल गेलं, गादीसुद्धा गेली, आणि नेमकं ज्याचे सगळ्यात जास्त पैसे यायचे होते ते मशीन काल रात्री बोंबलायला लागलं. टाकी रिकामी, तरी लाल दिवा आणि बीप बीप. घेणारा रविवारी येणार. त्यामुळे हा रिव्ह्यू चिडलेल्या माणसाचा आहे, तसाच वाचा.

डीह्युमिडिफायर म्हणजे हवेतली ओल ओढून तिचं पाणी टाकीत साठवणारं मशीन. माझं कॉम्प्रेसरवालं, सेकंडहँड, 90 सिंगापूर डॉलरला घेतलेलं. पेल्टियरवाली, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेली छोटी खेळणी मिळतात त्यांच्या नादी लागू नका, रात्रभर चालून वाटीभर पाणी काढतात.

आता कोकणातल्या माणसाला ओलीचं काय कौतुक, असं मलाही येताना वाटलेलं. पण आपल्याकडे दसरा आला की कपाटं उघडून सगळं उन्हात टाकता येतं. इथे तो दसरा येतच नाही. विषुववृत्त दीड अंशावरसुद्धा नाही, वर्षाचा पाऊस 2100 मिलिमीटरच्या आसपास म्हणजे आकडा मुंबईच्या जवळपासचाच, पण तो चार महिन्यांत उरकत नाही, वर्षातल्या साधारण 170 दिवसांवर वाटलेला असतो आणि दिवाळी झाली की कमी व्हायचा सोडून उलट वाढतो. हवेतली आर्द्रता सरासरी 82 टक्के, पहाटे 90 च्या वर. माझे चामड्याचे बूट पहिल्याच सेमिस्टरला हिरवे झाले, बेल्टवर बुरशी, बॅचमधल्या एकाच्या कॅमेऱ्याच्या लेन्सच्या आत फंगस. आधी सगळ्यांसारखे थर्स्टी हिप्पोचे डबे लावले, कॅल्शियम क्लोराइड ओल ओढून घेतं आणि खाली पाणी साठतं, कपाटापुरतं छान आहे, पण खोलीत ओले कपडे वाळत असतील तर त्याचं काही चालत नाही. कपडे बाहेर टाकायची सोय आहे, एचडीबीच्या, म्हणजे इथल्या सरकारी वसाहतींच्या, खिडक्यांबाहेर बांबूवर वाळत घालतात, पण पहाटे सुमात्राकडून वादळ आलं की तुम्ही उठेपर्यंत सगळं परत धुतलेलं.

तर मशीन. पाणी काढायच्या बाबतीत शंभर टक्के प्रामाणिक. खोक्यावरचा 12 लीटरचा आकडा म्हणजे दिवसभरात काढायचं पाणी, आणि तो बहुतेक वेळा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो, थंड कोरड्या ठिकाणी त्याच्या निम्मंही निघत नाही आणि लोक फसवणूक फसवणूक म्हणून ओरडतात. इथे मात्र हवाच तशी आहे, त्यामुळे आकड्याच्या बऱ्यापैकी जवळ जातं. जीन्स रात्री टाकली की सकाळी कोरडी, कुबट वास नाही. खोली मात्र तापते. हवेतली वाफ पाणी होताना उष्णता सोडते, वर कॉम्प्रेसरची वेगळी, आणि ती सगळी तुमच्याच खोलीत. एसी नसेल तर झोपताना दार उघडं ठेवावंसं वाटतं, आणि दार उघडलं की पूर्ण सिंगापूरची हवा वाळवत बसायची.

पण हे सगळं परवडलं. तो बीप नाही परवडत.

12 लीटरच्या मशीनला दोन लीटरची टाकी कोणी दिली असेल? रात्री अकराला लावलं की तीन-साडेतीनला भरते, मशीन आपोआप बंद होतं, इथपर्यंत ठीक, पण मग ते सांगत बसतं. दहा बीप, जरा थांबणार, तुम्हाला वाटणार संपलं, परत दहा. बंद करायचं बटण नाही. मॅन्युअल पूर्ण वाचलं, डिस्प्लेची लाइट बंद करता येते, वारा कमी-जास्त करता येतो, मुलांसाठी लॉक आहे, आणि बीप जन्मठेप. ज्या जाळीतून आवाज येतो तिथे चिकटपट्टी लावली, त्यावर मोजा लावला, आवाज फक्त घुसमटलेला झाला, म्हणजे अजूनच वाईट. मागे नळी लावायला भोक आहे पण पाणी फक्त उताराने जातं, पंप नाही, आणि बाथरूम पॅसेजच्या पलीकडे. परीक्षेच्या आठवड्यात मी मशीन लावलंच नाही, ओले कपडे घालून गेलो पण झोपलो.

घरमालकीण आंटीची तक्रार वेगळी. वीज युनिटला 30 सेंटच्या आसपास, मशीन साधारण 200 वॅट, रात्रभराचे अर्ध्या डॉलरच्या जवळ जातात, हा हिशेब मी तिला मांडून दाखवला, तरी पॅसेजमधून जाताना रोज एकदा "ऑफ लाह" म्हणायचीच. आणि मी कुठे चार दिवस जाणार असलो की आधी टाकी ओतून पालथी घातली का ते स्वतः बघायची. त्यात मात्र तिचं बरोबर. इथे डेंग्यूचं प्रकरण फार गंभीर घेतात, एनईएची, म्हणजे सरकारी पर्यावरण खात्याची, माणसं घरात येऊन साठलेलं पाणी तपासतात आणि डासांच्या अळ्या सापडल्या तर दंड.

इथपर्यंत गुरुवारी लिहिलेलं. पुढचं आज.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. बघायचेच 60 डॉलर, आणि न बघताच म्हणे आतला सर्किट बोर्ड गेला असेल, नवीन घेतलेलं बरं. घरी न्यावं का असाही विचार करून झाला. व्होल्टेज आपल्यासारखंच 230, फक्त प्लग बदलायचा, पण 13 किलोचं धूड 30 किलोच्या बॅगेजमध्ये घातलं तर कपडे इथेच वाटून जावे लागतील. शेवटी भंगारात काढायचं ठरवून निदान टाकी तरी धुऊ म्हणून बाहेर ठेवली, तर आंटीने उचलली, उलटी करून बघितली आणि आतला पांढरा तरंगता तुकडा खटकन जागेवर बसवला. त्या फ्लोटमध्ये लोहचुंबक असतं, त्याच्यावरूनच मशीनला टाकी भरली की नाही ते कळतं. तो खाचेतून निसटलेला. बास. दिवा गेला, बीप गेला. कुणाचं असं झालं तर बोर्डाआधी हे बघा, साठ डॉलर वाचतील.

म्हणजे मशीनवर काल जेवढा राग होता तेवढा आज नाही, घ्यायला हरकत नाही, फक्त टाकी मोठी बघून घ्या आणि दुकानात आधी बीप ऐका.

रविवारवाल्याला मात्र बीपचं नाही सांगावं लागलं. मी 70 म्हणत होतो, तो 50 वर अडलेला, तेवढ्यात आंटीने 65 हातात ठेवले आणि मशीन हलवायचं नाही म्हणाली. मी बीपचं सांगायला गेलो तर म्हणते, भिंत एकच आहे, वर्षभर मीही तोच ऐकतेय. संध्याकाळी रूमची नवीन जाहिरात दिसली. "डीह्युमिडिफायरसहित", भाडं 50 डॉलर जास्त. दर महिन्याला.