बारा इंची डव्हटेल जिग: आठ महिने वापरल्यानंतर

आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला चार खण करायचे होते, म्हणून दिवाळीनंतर हा जिग, म्हणजे डव्हटेल सांधा (पारव्याच्या शेपटीसारखे दात एकमेकांत अडकणारा) कापायचा साचा, घेतला. तेव्हापासून पुण्यात धायरीच्या घराच्या पार्किंगमध्ये याच्यावर अकरा खण झाले. जिग चांगला आहे, पण तो पेटीतून काढला की लगेच काम देत नाही. पहिला नीट बसलेला सांधा मिळायला मला तीन आठवडे लागले.

यात खणाची बाजूची फळी पुढे उभी आणि दर्शनी फळी वर आडवी आवळायची. वरच्या फणीतून (दातेरी पट्टीतून) राउटर (लाकडात खाचा कापायचं विजेचं यंत्र) फिरवला की दोन्ही फळ्या एकदमच कापल्या जातात. दोन्ही फळ्यांची आतली बाजू तुमच्याकडे दिसली पाहिजे. मी सुरुवातीला चांगली बाजू बाहेर ठेवत होतो आणि खण उलटा जुळत होता. टिंबर मार्केटमधून आणलेल्या सागाचे दोन तुकडे त्यात वाया गेले, त्याचं अजून वाईट वाटतं.

सांधा सैल की घट्ट, हे बिटाच्या (राउटरच्या फिरत्या पात्याच्या) खोलीवर ठरतं. सैल झाला तर बिट आणखी बाहेर काढायचं, घट्ट झाला तर आत घ्यायचं. माझं अर्धा इंची, १४ अंशांचं बिट साधारण १० मिलिमीटरवर बसलं. पाव मिलिमीटरचा बदलसुद्धा हाताला कळतो. खोली हळूहळू वाढवत दोन-तीन फेऱ्यांत कापायची सवय असेल तर ती इथे सोडा. हे बिट खाली रुंद असतं, त्यामुळे पूर्ण खोली एकाच वेळी लावावी लागते. शेपूट (बाजूच्या फळीवरचा दात) दर्शनी फळीच्या बाहेर डोकावत असेल तर मात्र खोलीला हात लावू नका. फणी किंचित मागे सरकवा. आत रुतत असेल तर पुढे घ्या.

एवढं करूनही माझा सांधा एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला ढिला येत होता. लाकूड वाकडं आहे का, ते गुण्या लावून पाहिलं, फणीचे स्क्रू आवळले, काही फरक पडला नाही. शेवटी आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीकाकांना बोलावलं. ते दोन मिनिटं नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, तू मशीन हातात फिरवतोस." दोष तिथेच होता. गाईड बुश (बिटाभोवतीचं, फणीच्या दातांना टेकून फिरणारं कडं) बिटाच्या बरोबर मध्यावर नव्हता, त्यामुळे मूठ वळली की काप सरकायचा. प्लग काढून राउटरला व्ही आकाराचं बिट लावलं, तळपट्टीचे स्क्रू सैल केले, बिट बुशमध्ये चारही बाजूंनी सारखं टेकेपर्यंत खाली आणलं आणि स्क्रू आवळले. आता मूठही कायम एकाच दिशेला ठेवतो. तेव्हापासून सांधा एकसारखा येतो. जिगबरोबरच्या कागदात यातलं अक्षरही नाही, आणि ही माझी मोठी तक्रार आहे.

कॉलेटकडेही (राउटरमध्ये बिटाची दांडी धरणाऱ्या पकडीकडे) लक्ष द्या. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. बोहरी आळीत ६ मिलिमीटर दांडीची बिटंही मिळतात. ती पाव इंची कॉलेटात पक्की धरत नाहीत, चालू असताना बिट सरकून खाली येऊ शकतं.

आधी उजवीकडून डावीकडे एक हलका हात फिरवून उभ्या फळीवर रेघ पाडून घ्या, नाहीतर पाईनच्या कडेचे कपचे उडतात. राउटर बंद होऊन बिट पूर्ण थांबेपर्यंत तो फणीवरून उचलू नका. माझ्या फणीचा एक दात असाच खरवडला गेला.

माझ्या फणीचे दात दर ७/८ इंचाला, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटरला येतात. खणाची उंची त्याच्या पटीत धरली तरच दोन्ही कडांना सारखी अर्धी खुंटी (दोन शेपटांमधला दात) मिळते. पाच इंचांचा खण हवा असेल तर सव्वापाच इंचांचा करा. अंतर बदलायची सोय नाही. दोन्ही बाजूंनी दिसणारा डव्हटेलही यावर होत नाही, तो मी अजून करवत आणि पटाशीनेच करतो.

जमलेल्या सांध्याचा एक तुकडा मी खिळ्याला टांगून ठेवलाय. त्याच्यावर फळीची जाडी पेन्सिलीने लिहिली आहे. पुढच्या वेळी बिट त्याच खाचेत धरून खोली लावतो, एक चाचणी काप घेतो आणि वीस मिनिटांत कामाला लागतो. जाडी बदलली की तुकडा नवा. साग आणि पाईनचे तुकडे वेगळे ठेवलेत, कारण पाईनला मी किंचित घट्ट बसणारा सांधा ठेवतो.

जुलैच्या पावसात पाईनच्या बाजूंचे दोन खण उंचीला फुगले आणि चौकटीत अडकले. वरची कड रंध्याने जराशी उतरवली. सांधे तसूभरही हलले नव्हते.