केंद्रस्तरीय शिक्षण परिषद : वर्गशिक्षकाच्या बाजूने एक परीक्षण

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील शिक्षकांना शिकवण्याविषयी एकमेकांशी बोलता यावे, यासाठी शासनाने जी हक्काची सोय ठेवली आहे, ती म्हणजे दरमहा भरणारी केंद्रस्तरीय शिक्षण परिषद. साधारण दहा-पंधरा शाळांच्या एका केंद्रातील शिक्षक केंद्रप्रमुखांच्या पुढाकाराने एखाद्या शाळेत जमतात. आमच्या भागात त्या दिवशी शाळा सकाळी भरवून दुपारी परिषद घेण्याची पद्धत आहे. हजेरी सक्तीची असल्यामुळे या सोयीबद्दल कोणी अभिप्राय विचारत नाही. तरीही ज्या सेवेसाठी मुलांची अर्धी शाळा खर्ची पडते, तिचे मोल तपासून पाहायला हवे.

या परिषदेची खरी गरज द्विशिक्षकी शाळेला असते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पटसंख्या 60 पर्यंत असेल, तर शिक्षक दोनच मिळतात. एकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी अशी विभागणी झाली, की तिसरीच्या गणितात आलेली अडचण समजून घेणारा समानधर्मी त्या गावात उरत नाही. तो शेजारच्या गावातल्या शाळेत असतो आणि त्याची गाठ पडते ती परिषदेतच.

अशा परिषदांपैकी मला सर्वांत उपयुक्त वाटलेली परिषद फारशा तयारीची नव्हती. प्रत्येकाने आपल्या वर्गातील वजाबाकीच्या वह्या सोबत आणाव्यात एवढीच सूचना होती. 42 मधून 17 वजा करताना उत्तर 35 लिहिणारी मुले जवळपास प्रत्येक शाळेत निघाली. ही निव्वळ निष्काळजी चूक नव्हे. वरच्या 2 मधून खालचे 7 जात नाहीत, म्हणून मूल 7 मधून 2 वजा करून मोकळे होते, हे वह्या शेजारी ठेवल्यावर लगेच दिसले. मग चर्चा रंगली. दशकाचा गठ्ठा सोडून काड्या सुट्या करायला लावाव्यात, असे एका शिक्षिकेचे म्हणणे होते. दुसऱ्यांनी दहाच्या नोटा आणि सुटी नाणी वापरून पाहिली होती. तिसऱ्यांचा आग्रह असा, की उत्तर 42 च्या किती जवळचे येईल, याचा अंदाज आधी तोंडी विचारावा. तिन्ही उपाय स्वस्त आहेत आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात करता येतात. अशा दुपारी परिषद पूर्ण गुणांची ठरते.

आदर्श पाठ हा भाग मात्र मला अजूनही पटलेला नाही. दुपारपर्यंत मुले घरी गेलेली असतात आणि शिक्षक शिक्षकांनाच पाठ देतो. समोरचे प्रौढ श्रोते ठरलेली उत्तरे वेळेवर देतात आणि पाठ यशस्वी होतो. जपानमध्ये रुजलेल्या पाठ-अभ्यासाच्या पद्धतीत शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात, एक जण तो खऱ्या वर्गावर घेतो आणि बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात: कोणते मूल कुठे अडले, कोणी वेगळा मार्ग काढला. पाठ देणाऱ्याच्या वक्तृत्वाला तिथे फारसे महत्त्व नसते. आपल्याकडे परिषद शाळेतच भरते, त्यामुळे एका वर्गाची मुले पालकांच्या संमतीने तासभर थांबवणे अशक्य नाही.

बाकीच्या वेळाबद्दल थोडक्यात सांगता येते. विषयपत्रिकेचा साचा बहुधा वरून येतो. परिपत्रकांचे वाचन, यू-डायस या शाळांची माहिती नोंदवण्याच्या शासकीय प्रणालीत भरायची राहिलेली माहिती, भरायच्या लिंका आणि पोषण आहाराच्या नोंदी यांत दुपार सरते. हे काम आवश्यक असेलही, पण त्यासाठी दोन्ही शिक्षकांनी शाळा सोडून येण्याची गरज नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर ते रोज चालूच असते. केंद्रप्रमुखांना दोष देणे मात्र अन्यायाचे ठरेल, कारण वरिष्ठ कार्यालये त्यांच्याकडे अहवाल मागतात, वर्गातले प्रश्न मागत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान 50 तासांची अपेक्षा आहे. परिषदेच्या दुपारी नीट वापरल्या, तर त्यातला मोठा वाटा इथेच भरून निघेल.

सर्वांत मोठी उणीव पाठपुराव्याची आहे. इतिवृत्त लिहिले जाते, सह्या होतात, छायाचित्रे वर पाठवली जातात. पण मागच्या महिन्यात सुचवलेला उपाय किती वर्गांत करून पाहिला आणि त्याने मुलांच्या उत्तरांत काय फरक पडला, हा प्रश्न पुढच्या विषयपत्रिकेवर नसतो.

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी ही परिषद टाळू नये. सोबत मुलांच्या पाच-सहा वह्या न्याव्यात आणि निदान तासभर तरी इयत्तावार गट पाडण्याचा आग्रह धरावा. आजच्या स्वरूपात मी या सेवेला पाचपैकी तीन गुण देईन. मागच्या महिन्याच्या वह्या पुन्हा मागवल्या जाऊ लागल्या, तर चौथा द्यायला माझी हरकत नाही.