जेकब लॉरेन्सची मायग्रेशन सिरीज: फिलिप्स कलेक्शन, वॉशिंग्टन

वॉशिंग्टनला गेलेले लोक नॅशनल मॉलची म्युझियम्स करूनच दमतात, पण ड्युपॉन्ट सर्कलजवळच्या फिलिप्स कलेक्शन या म्युझियममध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकार जेकब लॉरेन्सची मायग्रेशन सिरीज आहे ती सोडू नका. १९४०-४१ मध्ये या पठ्ठ्याने ६० चित्रं काढली, तेव्हा वय २३! विषय काय, तर पहिल्या महायुद्धापासून अमेरिकेच्या दक्षिणेतले कृष्णवर्णीय लोक गावंच्या गावं रिकामी करून ट्रेनने उत्तरेकडे कसे गेले. एकेक चित्र जेमतेम १२ बाय १८ इंचांचं, त्यामुळे अगदी जवळ जाऊन बघायचं, आणि चित्राखाली त्याची ओळ असते ती वाचायचीच.

मला सगळ्यात भारी वाटली ती रंगांची भानगड. त्याने एकेक करून चित्र पुरं केलंच नाही, एक रंग घ्यायचा, तो जिथे जिथे हवा त्या सगळ्या चित्रांच्या फळ्यांवर लावायचा आणि मगच पुढचा रंग, त्यामुळे तोच पिवळा तोच निळा सारखा सारखा समोर येतो आणि गोष्टही तशीच फिरून येते. पहिल्या चित्रात शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस अशा तीन दारांकडे गर्दी लोटलीय. ४९ नंबरला तीच माणसं उत्तरेत जेवायला बसलीत, पण गोरे वेगळे, काळे वेगळे, आणि मधे नागमोडी पिवळी रेघ. ५१ ला चांगल्या वस्तीत राहायला गेले म्हणून घरांवर बॉम्ब. म्हणजे ज्याला कंटाळून निघाले तेच परत पुढ्यात. आणि १५ नंबर... एक निष्पर्ण फांदी, रिकामा फास, खाली पाठ वाकवून बसलेलं एक माणूस. लिंचिंगचं, म्हणजे जमावाने माणसाला मारून टाकण्याचं चित्र आहे पण मारलेला माणूस कुठेच दाखवलेला नाही, मी तिथून लवकर हललोच नाही.

तक्रार एकच, सिरीज अर्धीच आहे. १९४२ मध्ये दोन म्युझियम्सनी वाटणी केली, विषम नंबर इथे आणि सम नंबर न्यूयॉर्कच्या मोमाकडे (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट), कोणाच्या डोक्यातून निघालं काय माहीत. ‘लोक येतच राहिले’ हे ६० वं चित्रही तिकडेच.

त्यामुळे इथला शेवट होतो ५९ वर, उत्तरेत आपल्याला मत देता येतं म्हणून. दक्षिणेत तो हक्क खऱ्या अर्थाने मिळायला १९६५ चा व्होटिंग राइट्स ॲक्ट यावा लागला, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने शेल्बी काउंटी केसमध्ये त्याचा कणाच काढला, भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांना मतदानाचे नियम बदलायला आधी केंद्राची परवानगी लागायची ती अट गेली. टेक्ससने तर त्याच दिवशी आपला मतदारांना ओळखपत्र दाखवायला लावणारा कायदा लागू करतो म्हणून जाहीर केलं. हे माहीत असेल तर ५९ पुढे उभं राहून बघा, चित्र एकदम वेगळं दिसतं.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार त्या वाटणीचा कापला. सगळी चित्रं कायम लावलेली असतीलच असं नाही, निघायच्या आधी वेबसाइट बघून घ्या.